६ डिसेंबरची दुसरी रांग : जॉर्जियातील वॉर्नॉक यांच्या विजयातून आपण काय शिकायचे?

दोन वर्षांच्या कोरोना निर्बंधांनंतर २०२२ साली ६ डिसेंबरला चैत्यभूमीवर पुन्हा पूर्वीसारखी गर्दी झाली. विदर्भातून, मराठवाड्यातून, खानदेशातून आलेली माणसे शिवाजी पार्कच्या रांगेत तासन् तास उभी होती. डोक्यावर गाठोडे, कडेवर लेकरू आणि हातात नुकतेच विकत घेतलेले पुस्तक. आम्हीही त्या रांगेत होतो.

त्याच तारखेला अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्यात आणखी एक रांग लागली होती. ती मतदानाची होती. विद्यमान सिनेटर राफेल वॉर्नॉक यांची फेरनिवड होते की नाही, हे त्या दिवशी ठरणार होते. ७ डिसेंबरला सकाळी आपली माणसे गावाकडे परतत असताना निकाल आला. वॉर्नॉक सुमारे ५१.४ टक्के मते मिळवून जिंकले. प्रतिस्पर्धी हर्शेल वॉकर यांना ४८.६ टक्के मते मिळाली. फरक जवळपास एक लाख मतांचा.

तारीख एक आली हा योगायोग आहे, त्यातून काही अर्थ काढायची गरज नाही. पण या निवडणुकीत जे घडले त्याचा अर्थ मात्र आपण जरूर काढला पाहिजे. २०२२ च्या १८ डिसेंबरला महाराष्ट्रातील सात हजारांहून अधिक ग्रामपंचायतींचे मतदान होते. तेव्हा मुंबईसह अनेक महापालिकांच्या मुदती संपून महिने लोटले होते, त्या निवडणुका कधीही जाहीर होऊ शकत होत्या. अशा वेळी आपल्या वस्त्यांमध्ये चर्चा एकाच गोष्टीची चालते : युती कोणाशी होणार आणि तिकीट कोणाला मिळणार. जॉर्जियाचा अनुभव सांगतो की याच्या आधीचा एक प्रश्न असतो, आणि तोच आपण विचारायचा विसरतो.

वॉर्नॉक कोण?

राफेल वॉर्नॉक यांचा जन्म १९६९ साली सव्हाना शहरात झाला. बारा भावंडांतले ते अकरावे. सरकारी घरकुलाच्या वसाहतीत वाढले. वडील जुन्या भंगार गाड्या विकून घर चालवत आणि रविवारी चर्चमध्ये प्रवचन करत. आईने तरुणपणी दुसऱ्याच्या शेतात कापूस आणि तंबाखू वेचला होता. या घरातला मुलगा मोअरहाउस महाविद्यालयात शिकला, पुढे न्यूयॉर्कला जाऊन त्याने डॉक्टरेट मिळवली आणि २००५ साली अटलांटातील एबेनेझर बॅप्टिस्ट चर्चचा मुख्य धर्मोपदेशक झाला.

हे चर्च म्हणजे डॉ. मार्टिन ल्यूथर किंग यांचे चर्च. किंग १९५९ साली भारतात आले होते. केरळमधल्या एका शाळेत, जिथे अस्पृश्य मानल्या गेलेल्या समाजाची मुले शिकत होती, तिथे मुख्याध्यापकांनी त्यांची ओळख 'अमेरिकेतून आलेला आपल्यासारखाच एक अस्पृश्य' अशी करून दिली. आधी धक्का बसला, मग विचार केल्यावर ते खरेच आहे हे पटले, असे किंग यांनी पुढे १९६५ साली एका प्रवचनात सांगितले. ते प्रवचन याच एबेनेझर चर्चमध्ये झाले होते. बाबासाहेबांनी १९४६ साली डब्ल्यू. ई. बी. दुबॉइस यांना पत्र लिहून दोन्ही समाजांच्या स्थितीतले साम्य नोंदवले होते. १९७२ साली आपल्या तरुणांनी संघटनेला नाव देताना 'पँथर' हा शब्द तिथूनच घेतला. तेव्हा जॉर्जियाची निवडणूक आपल्यासाठी अगदीच परकी नाही.

जानेवारी २०२१ मध्ये वॉर्नॉक पहिल्यांदा निवडून आले. जॉर्जियाने सिनेटवर पाठवलेले ते पहिले कृष्णवर्णीय. पण ती निवडणूक आधीच्या सदस्याच्या उरलेल्या मुदतीसाठी होती. म्हणून दोनच वर्षांत त्यांना पुन्हा मतदारांपुढे जावे लागले. या वेळी मात्र पूर्ण सहा वर्षांची मुदत मिळाली आहे. आपली राज्यसभा आमदार निवडतात, तिथे सिनेटर थेट जनता निवडते, आणि अख्खे राज्य हाच एक मतदारसंघ असतो.

दुसऱ्या फेरीमागचा इतिहास

८ नोव्हेंबरच्या पहिल्या फेरीत वॉर्नॉक यांना ४९.४ टक्के मते मिळाली होती आणि वॉकर यांना ४८.५ टक्के. आपल्याकडे असते तर वॉर्नॉक त्याच रात्री विजयी घोषित झाले असते. पण जॉर्जियात जिंकण्यासाठी निम्म्याहून अधिक मते लागतात. लिबर्टेरियन पक्षाच्या चेस ऑलिव्हर यांनी दोन टक्के मते घेतल्याने कोणालाच निम्मी मते मिळाली नाहीत आणि दुसरी फेरी घ्यावी लागली.

हा नियम ऐकायला लोकशाहीला धरूनच वाटतो. बहुमताशिवाय कोणी निवडून येऊ नये, यात वाईट काय? पण नियम कोणी, कधी आणि कशासाठी केला हे पाहावे लागते. पूर्वी जॉर्जियाच्या पक्षांतर्गत निवडणुकांत मतांची गणना काउंटीनुसार होई. त्यात ग्रामीण काउंटीतल्या थोड्या मतांना शहरातल्या खूप मतांपेक्षा जास्त वजन मिळे. १९६३ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ही पद्धत रद्द केली आणि 'एक व्यक्ती, एक मत' हे तत्त्व मांडले. संविधान सभेत नोव्हेंबर १९४९ मध्ये बाबासाहेब 'एक व्यक्ती, एक मत, एक मूल्य' याविषयी बोलले होते. त्यानंतर तब्बल चौदा वर्षांनी अमेरिकेच्या न्यायालयाला हे सांगावे लागले.

जुनी पद्धत गेल्यावर लगेच नवा बंदोबस्त शोधला गेला. डेन्मार्क ग्रूव्हर नावाचे एक आमदार होते. आपला पराभव कृष्णवर्णीयांच्या एकगठ्ठा मतांमुळे झाला असे त्यांचे मत होते. त्यांनी बहुमताच्या दुसऱ्या फेरीसाठी पुढाकार घेतला आणि १९६४ मध्ये तो कायदा झाला. हिशेब सोपा होता. श्वेतवर्णीयांची मते चार उमेदवारांत फुटली आणि कृष्णवर्णीयांची एकावर पडली, तर पहिल्या फेरीत कृष्णवर्णीयांच्या पसंतीचा माणूस येऊ शकतो. दुसऱ्या फेरीत दोनच उमेदवार राहिले की बहुसंख्याकांना एकत्र येता येते. हेतू वर्णद्वेषाचाच होता, हे पुढे खुद्द ग्रूव्हर यांनी कबूल केले.

आपल्याला हे वाचताना पुणे करार आठवल्याशिवाय राहणार नाही. जागा द्यायची, पण त्या जागेवर कोण बसणार हे बहुसंख्याकांच्या मतांनी ठरेल अशी व्यवस्था करायची. १९५२ साली उत्तर मुंबईतून स्वतः बाबासाहेब पराभूत झाले आणि काँग्रेसचे नारायण काजरोळकर निवडून आले, ही त्या व्यवस्थेची साक्ष आहे.

पाण्याचा कायदा आणि शनिवारची लढाई

२०२० आणि २०२१ च्या निवडणुकांत रिपब्लिकन पक्षाचा जॉर्जियात पराभव झाला. त्यानंतर लगेच मार्च २०२१ मध्ये राज्याच्या विधिमंडळाने नवा निवडणूक कायदा केला. टपाली मतदानाच्या अटी वाढल्या. मतपत्रिका टाकण्याच्या पेट्या कमी झाल्या. पहिल्या आणि दुसऱ्या फेरीतले अंतर नऊ आठवड्यांवरून चार आठवड्यांवर आले. आणि मतदान केंद्रापासून १५० फुटांच्या आत रांगेतल्या मतदाराला कोणी खाणे किंवा पाणी देणे हा गुन्हा ठरला.

कायद्याचे समर्थक म्हणतात, मतदाराला आमिष दाखवले जाऊ नये म्हणून ही तरतूद आहे आणि निवडणूक कर्मचारी पाण्याची सोय ठेवू शकतात. ते कागदावर खरे आहे. पण तासन् तासांच्या रांगा कोणत्या वस्त्यांत लागतात आणि तिथे पाणी कोण पोचवत होते, हे पाहिले की कायद्याचा रोख कळतो. चवदार तळ्याचा इतिहास ज्यांच्या रक्तात आहे, त्यांना हे अधिक समजावून सांगायची गरज नाही.

या नियमांना उत्तर कसे दिले गेले, हा या निवडणुकीतला सर्वात शिकण्यासारखा भाग आहे. २६ नोव्हेंबरच्या शनिवारी मतदान घेता येणार नाही, असे राज्याच्या अधिकाऱ्यांनी सांगितले. कारण काय, तर आदल्या गुरुवारी आणि शुक्रवारी सुटी होती. त्यातली शुक्रवारची सुटी मुळात गुलामगिरीच्या बाजूने लढलेल्या सेनापती रॉबर्ट ई. ली यांच्या जन्मदिवसाची. २०१५ मध्ये नाव बदलले, सुटी मात्र राहिली. हातावर पोट असलेल्या माणसाला शनिवार मिळतो की नाही, यावर त्याचे मतदान ठरते. वॉर्नॉक यांच्या प्रचार यंत्रणेने आणि पक्षाने न्यायालयात दावा दाखल केला. खालच्या न्यायालयात ते जिंकले, वरच्या न्यायालयांनी हस्तक्षेप करायला नकार दिला. वीसहून अधिक काउंट्यांनी त्या शनिवारी केंद्रे उघडली आणि सुमारे ७० हजार लोकांनी मतदान केले. पुढच्या आठवड्यात तर एकेका दिवशी तीन लाखांहून अधिक मते पडली.

म्हणजे रस्त्यावरचे काम, कायद्याचे काम आणि दारोदारचे काम एकाच वेळी चालू होते. ही यंत्रणा चार आठवड्यांत उभी राहिली नाही. २०१३ च्या सुमारास स्टेसी अब्राम्स यांनी मतदार नोंदणीची संघटना सुरू केली. वॉर्नॉक स्वतः काही वर्षे त्या कामाचे अध्यक्ष होते. २०१७ साली एका रात्रीत पाच लाखांहून अधिक नावे जॉर्जियाच्या यादीतून काढली गेली. तेव्हा कोणाचे नाव गेले, का गेले आणि परत कसे घालायचे, हे काम या लोकांनी केले. निवडणूक नसतानाही केले.

दोन्ही उमेदवार कृष्णवर्णीय

वॉर्नॉक यांच्यासमोर रिपब्लिकन पक्षाने कोणाला उभे केले, हे लक्षात घ्या. हर्शेल वॉकर हे जॉर्जियाचे लाडके फुटबॉलपटू. १९८२ साली महाविद्यालयीन फुटबॉलचा सर्वोच्च पुरस्कार त्यांनी मिळवला. राजकारणाचा अनुभव शून्य, पाठिंबा डोनाल्ड ट्रम्प यांचा आणि वर्ण कृष्ण. सिनेटच्या निवडणुकीत जॉर्जियात दोन्ही मोठ्या पक्षांचे उमेदवार कृष्णवर्णीय असण्याची ही पहिलीच वेळ होती.

उमेदवार आमचाच, पण निवड त्यांची. हा प्रयोग आपल्याला नवा नाही. महाराष्ट्र विधानसभेत अनुसूचित जातींसाठी २९ जागा राखीव आहेत. त्या प्रत्येक जागेवर आपल्यातलाच कोणीतरी बसतो. त्यातले किती जण अत्याचाराच्या घटनेनंतर पक्षाची परवानगी न घेता गावात पोचतात? कांशीरामजींनी १९८२ साली, पुणे कराराला ५० वर्षे पूर्ण झाली त्या दिवशी, याच प्रश्नावर पुस्तक प्रसिद्ध केले होते.

जॉर्जियाच्या कृष्णवर्णीय मतदारांनी या प्रयोगाला उत्तर दिले. नोव्हेंबरच्या मतदानोत्तर पाहणीनुसार त्यांच्यातल्या दहापैकी नऊ जणांनी वॉर्नॉक यांना मत दिले. माणूस आपल्या वर्णाचा आहे की नाही एवढेच त्यांनी पाहिले नाही. तो कोणाला उत्तरदायी आहे, हेही पाहिले. विचारांनी आपला कोण आणि फक्त दाखल्यावर आपला कोण, हा फरक त्यांनी मतपेटीत दाखवला.

पण एवढ्याने निवडणूक जिंकता येत नाही. जॉर्जियात कृष्णवर्णीय सुमारे एक तृतीयांश आहेत. त्याच पाहणीनुसार श्वेतवर्णीयांपैकी सुमारे ७० टक्के मते वॉकर यांना गेली. उरलेल्या ३० टक्क्यांतून, तसेच लॅटिनो आणि आशियाई मतदारांतून बेरीज करावी लागली. त्याच दिवशी गव्हर्नरपदासाठी रिपब्लिकन ब्रायन केम्प सहज निवडून आले आणि वॉकर यांना त्यांच्यापेक्षा सुमारे दोन लाख मते कमी पडली. म्हणजे केम्प यांना मत देणारे अनेक जण वॉकर यांच्यापाशी थांबले.

या मतदारांसाठी वॉर्नॉक यांनी भाषा बदलली नाही, मुद्दे निवडले. मधुमेहाच्या रुग्णांना इन्सुलिन महिन्याला ३५ डॉलरांत मिळावे, हा त्यांचा आग्रह. २०२२ च्या ऑगस्टमध्ये ज्येष्ठांच्या सरकारी विम्यापुरता तो कायदा झाला. महामार्गाच्या प्रश्नावर त्यांनी टेक्सासचे कट्टर विरोधक टेड क्रूझ यांच्यासोबत काम केले आणि ते प्रचारात सांगितलेही. पण मतदान हक्काच्या प्रश्नावर एक पाऊल मागे घेतले नाही. पाया आपल्या समाजाचा आणि भिंती सर्वांच्या प्रश्नांच्या, अशी ती बांधणी होती.

आपले गणित जॉर्जियापेक्षा अवघड आहे. २०११ च्या जनगणनेनुसार महाराष्ट्रात अनुसूचित जाती ११.८ टक्के आणि बौद्ध ५.८ टक्के, म्हणजे सुमारे ६५ लाख. मित्रांशिवाय आपल्याला सत्ता नाही, हे मान्यच केले पाहिजे. २०१९ च्या लोकसभा निवडणुकीत वंचित बहुजन आघाडीने सुमारे सात टक्के मते घेऊन या राज्याला आपली ताकद दाखवली. २०२२ च्या अखेरीस नव्या युतीच्या बातम्या येत होत्या. युती करावी की नाही यावर मतभेद असू शकतात. पण युतीच्या टेबलावर बसताना आपल्या हातात काय असते? आमच्या मते, आपल्या हातात प्रत्येक प्रभागाची तपासलेली मतदार यादी असली पाहिजे. ती नसेल तर समोरचा देईल ते घ्यावे लागते.

विजयाच्या मर्यादा

वॉर्नॉक जिंकले म्हणून सगळे जिंकले असे मात्र नाही. या एका जागेवर दोन्ही बाजूंनी मिळून सुमारे ४० कोटी डॉलर खर्च झाले. एवढा पैसा लागणारी लोकशाही गरिबांची राहते का, हा प्रश्न तिथेही आहे. ज्या अब्राम्स यांनी नोंदणीचा पाया घातला, त्या स्वतः गव्हर्नरपदाची निवडणूक दुसऱ्यांदा हरल्या. वॉर्नॉक ज्या मतदान हक्क विधेयकासाठी झगडले, ते २०२२ च्या जानेवारीत सिनेटमध्ये अडले. खासगी विमा असलेल्यांसाठी इन्सुलिनची तरतूदही ६० मतांअभावी गेली. रांगेत पाणी देण्यावरची बंदी या निवडणुकीनंतरही कायम होती. प्रतिनिधी मिळाला म्हणजे सत्ता मिळाली असे नाही. ही दारातून आत जायची परवानगी आहे, घर अजून त्यांचेच आहे.

आणि एक फरक. मत ही एक प्रकारची प्रार्थना आहे, असे वॉर्नॉक नेहमी सांगतात. आपण बौद्ध आहोत. प्रार्थनेने काही मिळते असे आपण मानत नाही. आपल्यासाठी मतदान हा सम्यक प्रयत्न आहे, आणि प्रयत्नाला रोजचा सराव लागतो. पण त्यांच्या चर्चकडून घेण्यासारखी एक गोष्ट आहे. कृष्णवर्णीयांचे चर्च ही त्यांच्या स्वतःच्या मालकीची, स्वतःच्या वर्गणीवर चालणारी जागा आहे. रविवारच्या उपासनेनंतर तिथून माणसे एकत्र मतदानाला जातात. २०२२ साली कोणाला मत द्यायचे हे चर्चला सांगता येत नव्हते, कर सवलतीच्या कायद्याचा अर्थ तसा लावला जात होता. पण मत द्या हे सांगता येते.

विहारात यादी वाचूया

आपल्याकडेही १९८८ च्या कायद्याने धार्मिक स्थळाचा वापर पक्षाच्या प्रचारासाठी करता येत नाही आणि तो करूही नये. पण मतदार नोंदणी हा प्रचार नाही. आम्ही ज्या वस्त्यांत काम करतो, तिथे पुनर्वसनात संक्रमण शिबिरात गेलेल्या कुटुंबांची नावे जुन्या यादीतून गेली आणि नव्या यादीत आलीच नाहीत. लग्न होऊन आलेल्या सुना, ऊसतोडीला गेलेले जोडपे, शिक्षणासाठी पुण्यात राहणारा मुलगा, यांची नावे सर्वात आधी गळतात. मतदानाच्या दिवशी हे कळते, तेव्हा वेळ गेलेली असते. एका वस्तीत आम्ही रविवारच्या वंदनेनंतर यादी मोठ्याने वाचून दाखवली. एक आजी उठून म्हणाल्या, "बाळा, माझं नाव वाचलंच नाहीस." त्यांनी मागच्या निवडणुकीत मत दिले होते. त्या दिवशी तिथेच त्यांचा ६ क्रमांकाचा अर्ज भरला.

२०२३ साली ५ जानेवारीला अंतिम मतदार यादी प्रसिद्ध झाली. ग्रामपंचायत असो वा महापालिका, प्रभागाची यादी विधानसभेच्या यादीवरूनच तयार होते. नाव तिथे नसेल तर कुठेच नसते. आता वर्षातून चार अर्हता तारखा आहेत, त्यामुळे अठरा वर्षे पूर्ण होणाऱ्या मुलामुलींना पुढच्या जानेवारीची वाट पाहायची गरज नाही. म्हणून प्रत्येक विहार समितीने तीन कामे हाती घ्यावीत, अशी आमची विनंती आहे. अंतिम यादी प्रसिद्ध झाल्यानंतरच्या पहिल्या रविवारी ती वाचायची. गळालेल्या नावांचे अर्ज त्याच आठवड्यात भरायचे. नाव वगळण्याची हरकत कोणावर आली असेल, तर त्या माणसासोबत सुनावणीला जायचे.

जयंतीला आपण मिरवणूक काढतो, ६ डिसेंबरला रांगेत उभे राहतो. त्या गर्दीला कोणी नाव विचारत नाही. मतदानाच्या रांगेत मात्र पहिला प्रश्न नावाचाच असतो. जॉर्जियाच्या लोकांनी दहा वर्षे त्या नावांवर काम केले, म्हणून त्यांना त्यांचा माणूस निवडता आला. आपला उमेदवार कोण, हे ठरायला अजून वेळ आहे. आपले नाव यादीत आहे का, हे आजच पाहता येते.

जयभीम!